‘ऐकलंस, वाचलं नाहीस!’

रविवार हा जोतिबाचा वार, त्यामुळं डोंगरावर निवांत जागा मिळणं अवघड. तरी महिन्यातल्या एका रविवारी आम्ही चौघं दोन गाड्यांवरून केर्लीमार्गे वर जातो. दर्शन घेतो, कपाळाला गुलाल लावतो, यमाईच्या देवळाकडं गर्दी जरा विरळ होते तिथं एखादा कट्टा धरतो. मग महिन्याभरात कोणी काय वाचलं याच्या गप्पा सुरू होतात. गप्पा कादंबऱ्यांच्याच. कुणी कविता काढली की बाकीचे तिघं भजी सांगायला उठतात.

चौघं म्हणजे मी, कॉलेजात मराठी शिकवणारी एक मैत्रीण (तिला आम्ही मॅडमच म्हणतो), स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एकजण आणि शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारा एक मित्र. नावं देत नाही, कारण पुढं भांडण आहे.

त्या रविवारी फाउंड्रीवाला भलताच खुशीत होता. ‘मृत्युंजय’ संपवली म्हणाला. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता, रात्रपाळीच्या सुट्टीत डबा खाताना, असे कितीतरी आठवडे तो कानात हेडफोन घालून कर्ण ऐकत होता. वृषालीबद्दल, शोणबद्दल तो भरभरून बोलायला लागला. मॅडमनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग सहज म्हणाली, “पण तू ती ऐकलीस रे. वाचली नाहीस.”

“तेच की.”

“तेच नाही. ऐकणं वेगळं, वाचणं वेगळं.”

तो हसला, “व्हय मॅडम,” म्हणाला, आणि नंतर तासभर गप्प बसला. खाली उतरेपर्यंत गप्पा चालू होत्या, पण त्याच्याविना. त्याच्या घरात आजवर कुणी जाड पुस्तक संपवलेलं नाही. हे त्याचं पहिलं होतं, आणि ते मोजायचं की नाही हे आमच्यातल्याच एकीनं ठरवून टाकलं होतं.

मला ते टोचत राहिलं. कारण माझ्या आजीनंही ‘मृत्युंजय’ ‘वाचली’ होती, आणि आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं.

श्रावणात आमच्याकडं पोथी लावायचे. आत्याचा आवाज खणखणीत, म्हणून वाचायला ती. आजी, शेजारच्या दोघी-तिघी, मधूनच येऊन बसणारे आजोबा, हे ऐकणारे. जोतिबाची पोथी म्हणजे ‘केदारविजय’. रत्नासुराला मारायला देव या डोंगरावर आला ती कथा आजीला तोंडपाठ होती. एका वर्षी पोथी संपली तरी ऐकायची सवय काही सुटेना, तेव्हा आत्यानं वाचनालयातून ‘मृत्युंजय’ आणली आणि रोज रात्री जेवणानंतर थोडी थोडी वाचली. त्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहाजण आपापल्या तोंडानं बोलतात. आजी कुंतीचा भाग पुन्हा लावायला सांगायची. आत्या कुरकुरायची. आजी म्हणायची, पोराला पाण्यात सोडणारीचं म्हणणं एकदा ऐकून कसं कळंल?

हे वाचन नव्हतं, असं मला कुणी सांगितलं तर मी भांडेन. पण भांडायला मुद्दे लागतात. म्हणून मी मागं गेले. मराठी माणूस कादंबरीशी कसा वागत आला, हे बघायला.

पहिली गंमत नावातच सापडली. ‘कादंबरी’ हे मुळात एका संस्कृत ग्रंथाचं आणि त्याच्या नायिकेचं नाव. बाणभट्टानं सातव्या शतकात तो लिहिला. एका पुस्तकाचं विशेषनाम आपण उचललं आणि सगळ्या जातीलाच लावून टाकलं. शेजारच्या कन्नडनंही तेच केलं. आता त्या मूळ कथेत काय होतं बघा. शूद्रक राजाच्या दरबारात एक पोपट आणला जातो, आणि तो पोपट राजाला सगळी हकीकत सांगतो. म्हणजे जिच्यावरून कादंबरीला कादंबरी हे नाव पडलं, ती कथा राजानं वाचली नाही. ऐकली, तीही पोपटाच्या तोंडून.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. करवीर नगर वाचन मंदिर सुरू झालं १८५० साली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण जिचं नाव घेतो ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली १८५७ साली. म्हणजे मराठीत कादंबरी नव्हती तेव्हाही कोल्हापुरात वाचनालय होतं. पुस्तकांची वाट बघत बसलेलं गाव म्हणायचं हे.

‘यमुनापर्यटन’चा विषय विधवांचे हाल. चार वर्षांनी, १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली. ती अद्भुताकडं झुकणारी, संकटं आणि योगायोग यांनी भरलेली. १८७१ साली रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून येऊ लागली आणि ऐतिहासिक कादंबरीनं पाय रोवले. समाज, अद्भुत, इतिहास. पंधरा वर्षांत तिन्ही वाटा तयार. आज आमच्या कट्ट्यावर ज्या तीन गोष्टींवरून वाद होतात, त्याही जवळपास याच.

आणि वाद तेव्हाही होते. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्यात त्यांनी त्या काळच्या कथा-नाटकांत बायका कशा रंगवल्या जातात यावरही कोरडे ओढले आहेत. गोष्ट वाचून गप्प न बसता ‘हे आमच्याबद्दल काय लिहिलंय?’ म्हणून कंबर कसणारी वाचक मराठीत इतकी जुनी आहे. छापील रूपात पोहोचलेल्या अशा बायका फार थोड्या. माजघरात किती असतील?

आकडे बघितले की ‘माजघर’ हा शब्द महत्त्वाचा का, ते कळतं. १९०१ च्या जनगणनेत सगळ्या हिंदुस्थानात शंभरात जेमतेम पाच माणसं साक्षर होती. बायकांत शंभरात एकसुद्धा नाही. या देशात कादंबरी फक्त डोळ्यांनी पसरली असती तर ती चार वाड्यांपलीकडं गेली नसती.

याच काळात हरी नारायण आपटे लिहीत होते. १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू झालं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडानं आपलं आयुष्य सांगते : बालपण, लग्न, वैधव्य, केशवपन. कादंबरी पुरी व्हायला सुमारे तीन वर्षं लागली. वेबसिरीजचा एक सीझन एका रात्रीत संपवणाऱ्या आपल्याला हे कठीण वाटेल. पण विचार करा, एक भाग हातात पडल्यावर पुढचा येईपर्यंत माणसं काय करणार? बोलणारच. यमूचं पुढं काय होईल, तिच्या नवऱ्याचं बरोबर की घरच्यांचं, यावर बोलणार. आणि यमूवर बोलता बोलता आपल्याच घरातल्या यमूवर बोलणार. केशवपनावर थेट तोंड उघडणं ज्या घरात शक्य नव्हतं, तिथं कादंबरीच्या आडून ते शक्य होतं. कादंबरीच्या गप्पांना मी टाइमपास म्हणत नाही, ते यासाठी.

तक्रार करणारेही होतेच. १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ नावाचा निबंध लिहिला. मराठी कादंबरीला युरोपातल्या थोरल्या कादंबरीकारांच्या शेजारी उभं करून त्यांनी तिची उंची मोजली आणि ती फार कमी भरली. आमच्यातला स्पर्धा परीक्षावाला अधूनमधून हेच करतो. कुणी मराठी पुस्तकाचं कौतुक केलं की शांतपणे विचारतो, “दोस्तोयव्हस्की वाचलायस का?” सव्वाशे वर्षांची परंपरा आहे, हे त्याला ठाऊक नाही. मी सांगणारही नाही. आणखी चढेल.

मग कोल्हापूरचे ते दिवस आले, जे आम्हाला घरातल्या मोठ्यांकडून ऐकायला मिळतात. ना. सी. फडके १९२६ पासून राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली कोल्हापुरात आले. मराठीतले त्या काळातले सर्वांत लाडके दोन कादंबरीकार दहाएक वर्षं एकाच गावात होते. फडके म्हणत, कादंबरी आनंदासाठी, कलेसाठी. खांडेकर म्हणत, जीवनासाठी. ‘कला की जीवन’ हा वाद आज परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न झाला आहे. तेव्हा तो जिवंत होता. तुम्ही कुणाच्या बाजूचे, यावरून तुमची पारख व्हायची. आज एखाद्या नटाचे चाहते दुसऱ्याच्या चाहत्यांशी भांडतात, तसाच प्रकार. फक्त विषय असा, की माणसानं सुंदर जगावं की दुसऱ्यासाठी जगावं.

आणि या दोघांच्या पलीकडं, परीक्षेत ज्यांच्यावर प्रश्न येत नाही असे बाबूराव अर्नाळकर होते. हजारावर रहस्यकथा. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू. पातळ पुस्तकं, भाड्यानं आणायची, रात्रीत संपवायची, सकाळी परत करायची. आमचे आजोबा खांडेकरांचं नाव आदरानं घ्यायचे आणि झुंजारची गोष्ट साभिनय सांगायचे. त्यांनी खांडेकरांची गोष्ट सांगितलेली मला आठवत नाही.

इथवर आले तेव्हा मला एक गोष्ट दिसायला लागली. आपल्याकडं लोकांच्या मनात घर केलेल्या कितीतरी कादंबऱ्या ‘बोलणाऱ्या’ आहेत. यमू स्वतः बोलते. खांडेकरांच्या ‘ययाति’त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं आपली बाजू मांडतात. आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची, तिच्यात सहाजण. नेमाड्यांच्या १९६३ च्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर. अपवाद आहेत. कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’ अशी नाही, तरी १९६२ पासून घराघरांत आहे. पण पोथी ऐकून तयार झालेल्या कानाला आपल्याशी कुणीतरी बोलतंय असं वाटणारी कादंबरी चटकन आपली वाटली असेल, असा माझा अंदाज आहे.

हे सगळं मी मॅडमला फोनवर ऐकवलं. ती मराठीची, तिला यातलं बरंचसं माझ्याआधी माहीत. ती म्हणाली, “ते ठीक. पण ‘कोसला’ ऐकून बघ. वाक्य वाचता वाचता आपण थांबतो, मागं जातो, समासात रेघ मारतो. तो थांबण्याचा हक्क कानाला नाही. वाचणारा त्याच्या चालीनं नेतो, आपण त्याच्यामागून जातो.” तिचं खरं होतं. एकट्यानं, मुक्यानं वाचण्यात एक स्वातंत्र्य आहे. घरात कुणाला न कळता, न विचारता, आपण एखाद्या पात्राच्या बाजूनं उभे राहतो. ताराबाईंना स्वतः वाचता येत होतं, म्हणून तर त्या भांडू शकल्या. आजीला कुंती पुन्हा हवी असेल तर आत्याची मनधरणी करावी लागायची.

“मग तो वाचक नाही?” मी विचारलं.

“मी तसं म्हटलंच नव्हतं,” ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, “पण ऐकू तसंच आलं असणार.”

मी तिला खांडेकरांची आठवण करून दिली. १९७४ चं ज्ञानपीठ ‘ययाति’ला मिळालं, मराठीला मिळालेलं ते पहिलंच. त्या शेवटच्या वर्षांत खांडेकरांची दृष्टी गेलेली होती. आयुष्यभर वाचलेला माणूस दुसऱ्याकडून वाचून घेत होता. तोंडानं सांगत होता, कुणीतरी लिहून घेत होतं. म्हणजे शेवटी तेही ऐकणारेच झाले. त्यांना वाचक म्हणायचं नाही, हे कोल्हापुरात तरी कुणाला परवडणार नाही.

पुढच्या महिन्यात फाउंड्रीवाला येईल की नाही याची धास्ती होती. आला. मॅडमनं आल्या आल्या त्याच्यापुढं भज्यांचा कागद सरकवला आणि विचारलं, “शोणबद्दल काय सांगत होतास? त्या दिवशी अर्धं राहिलं.” माफी वगैरे काही नाही. आपल्याकडं ती अशीच मागतात.

तो बोलला, मोकळेपणानं. आणि मग स्पर्धा परीक्षावाल्यानं समोर बोट दाखवलं. जोतिबावरून पन्हाळा हाताच्या अंतरावर दिसतो. “हे बघा,” तो म्हणाला, “देसाईंची ‘पावनखिंड’ तिथनं सुरू. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० चा पावसाळा. सावंतांच्या ‘छावा’तला संभाजीही तिथंच, शिवाजी महाराज गेले तेव्हा. आपण कादंबऱ्यांत बसलोय म्हणा की!” ‘छावा’ १९७९ ची. २०२५ मध्ये तिच्यावरचा हिंदी सिनेमा आला आणि आमच्या ओळखीतल्या कधीच न वाचणाऱ्या पोरांनी ती विकत घेतली. काहींनी संपवलीही.

तेव्हा फाउंड्रीवाल्यानं उत्तरेकडं हात केला. “आणि तिकडं?”

तिकडं वारणेचं खोरं. नदी ओलांडून पुढं वाळवा तालुक्यात वाटेगाव. अण्णा भाऊ साठ्यांचं गाव.

आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. दोन वर्षं या कट्ट्यावर बसतो. राजे झाले, पेशवे झाले, महाभारत झालं, रशियासुद्धा झाला. ‘फकिरा’ एकदाही झाली नव्हती. ‘ययाति’ आणि ‘फकिरा’ दोन्ही १९५९ च्या. एकीचा लेखक या डोंगराच्या दक्षिणेला कोल्हापुरात, दुसरीचा जन्मला उत्तरेला वारणेच्या बाजूला. अण्णा भाऊ जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेले. पुढं शाहीर झाले, पोवाडे आणि लोकनाट्यं गाजवली, आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली ही कादंबरी लिहिली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिची सुरुवात जत्रेतल्या जोगणीपासून होते : शेजारच्या गावची जोगणी राणोजी आणतो आणि त्यासाठी जीव देतो. मग त्याचा पोर फकिरा, दुष्काळात भुकेलेली माणसं, मांगा-महारांवरची सरकारी हजेरी, इंग्रजांशी झुंज.

“तू वाचलीस?” मी विचारलं, आणि जीभ चावली.

“नाही. आजोळ माझं तिकडचं. आजोबा सांगायचे. पुस्तक आहे हे लई उशिरा कळलं मला.” मग तो म्हणाला, “मला वाटायचं, ऐकलेलं इथं चालत नाही.”

वाऱ्यानं कुणाच्या तरी खोबऱ्या-गुलालाचा कागद उडत आला, तो मॅडमनं पायाखाली दाबून धरला. काही बोलली नाही.

मला त्या दिवशी पक्कं कळलं की प्रश्न कानाचा की डोळ्यांचा एवढाच नव्हता. एखादी कादंबरी टिकते ती तिच्यावर कुणी बोलतं म्हणून, आणि कुणी बोलायचं हे आम्ही नकळत ठरवून बसलो होतो. ज्याच्याजवळ वारणेची गोष्ट होती, त्यालाच आम्ही ‘हे मोजत नाही’ म्हणून गप्प केलं होतं. शंभरात पाच साक्षर होते त्या काळात ज्यांनी कादंबरी ऐकली, तिच्यावर वाद घातले, कुंतीचा भाग पुन्हा लावायला सांगितला, त्यांची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत. कारण त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. निदान आपल्या कट्ट्यावर तरी ती चूक पुन्हा नको.

या महिन्याला ‘फकिरा’ ठरली आहे. मॅडमकडं कॉलेजच्या लायब्ररीतली जीर्ण प्रत आहे, स्पर्धा परीक्षावाला नवी घेणार आहे, मी वाचन मंदिरातून आणली. फाउंड्रीवाला म्हणतो, पहिली पानं मी मोठ्यानं वाचतो, तुम्ही ऐका. आजोबा सांगायचे तसं जमतंय का बघू.

रविवारी सकाळी लवकर निघायचं ठरलं आहे. उशीर झाला की कट्टा मिळत नाही.